गाडी हलकी करण्याची मोहीम

गाडी दौलताबादचा घाट मध्ये कुठंही न थांबता चढून गेली, तर बद्रीनाथ जगदाळे यांना तीन फायदे होणार होते. पहिला इभ्रतीचा. गेल्या खेपेला खुलताबादला सासुरवाडीला जाताना त्यांची पंधरा वर्षं जुनी छोटी गाडी दुसऱ्याच वळणावर धापा टाकून उभी राहिली होती. बायको द्वारकाबाई आणि आई मनकर्णाबाई उतरून पायी निघाल्या, बद्रीनाथ स्टिअरिंग धरून खिडकीतून धीर देत राहिले, आणि नेमके त्याच वेळी साडू फकिरराव नव्या गाडीतून हॉर्न वाजवत वर गेले. दुसरा फायदा मानाचा. येत्या रविवारी द्वारकाबाईंच्या भाचीचा साखरपुडा होता. थोरली आत्या म्हणून ओटी भरायचा मान द्वारकाबाईंचा, मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा. तिसरा फायदा असा, की हे सगळं तीन हजारांत बसलं तर नव्या गाडीचा विषय घरात निदान दोन वर्षं निघणार नव्हता.

तोट्याच्या रकान्यात त्यांनी ‘निरंक’ लिहिलं. बद्रीनाथ सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते, आणि घरात दुधाची पिशवी बदलायची तरी आधी टिपणी घालत.

पडेगावच्या कमरोद्दीन मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि एअर फिल्टर काढून पायरीवर आपटला. निघालेल्या मातीत भेंडीचा वाफा झाला असता.

“बद्रीभाऊ, प्लग, फिल्टर, कार्बोरेटर की सफाई, टायर में हवा. बाराशे लगेंगे. फरक पडेगा. लेकिन क्लचप्लेट गई. उसके साडेचार हजार अलग.”

“क्लच पुढच्या आर्थिक वर्षात घेऊ.”

“घाट को मालूम है क्या आर्थिक वर्ष?”

“मिस्त्री, बिनखर्चाचं काही सांगा.”

कमरोद्दीननं डिक्की उघडली. आत दोन मेलेल्या बॅटऱ्या, गव्हाचं अर्धं पोतं, फरशीचे सहा तुकडे आणि रंगाचे तीन डबे होते. “पहले ये गोदाम खाली करो,” तो म्हणाला. “वजन कम, तो गाडी हलकी.”

मिस्त्री हे सहज बोलून गेला. बद्रीनाथांनी ते परिपत्रकासारखं ऐकलं.

परतताना त्यांनी गाडी थेट ट्रकच्या वजनकाट्यावर घातली. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून विचारलं, “माल काय?”

“माल नाही. मूल्यमापन चालू आहे.”

पावती मिळाली: चालकासह आठशे दहा किलो. डिक्की रिकामी केल्यावर पुन्हा पावती: सातशे तीस. मग स्टेपनी, जॅक आणि पायपुसणी निघाली: सातशे दहा. पावत्या कपाटात तारखेनुसार लागल्या. आकडा उतरत होता, आणि उतरता आकडा पाहून लिपिकाच्या जिवाला जो थंडावा मिळतो तो ज्यानं भोगला त्यालाच माहीत.

मधल्या काळात औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून त्यांनी सायलेन्सरला लावायची चकचकीत नळी आणली, साडेतेराशेची. “याच्यानं पिकअप वाढतो का?” त्यांनी विचारलं होतं.

“वाढत नाही, भाऊ,” दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला, “पण ऐकू येतो.”

शुक्रवारी त्यांनी मागची गादी काढली. द्वारकाबाई कणकेच्या हातानं अंगणात आल्या.

“अहो, आम्ही बसायचं कशावर?”

“तात्पुरती व्यवस्था म्हणून दोन पाट ठेवलेत.”

“जेवायला वाढणार हायेत व्हय घाटात?” मनकर्णाबाई ओट्यावरून म्हणाल्या. “बद्री, माझे गुडघे लई दुखतेत रं. मला पाटावर नको घालू.”

“आई, गादीचं वजन वीस किलो आहे.”

“आन् तुला नऊ महिने घेऊन फिरले, तव्हा मी कुठं काट्यावर गेले होते?”

हा मुद्दा विषयाशी सुसंगत नसल्यानं नोंदवला गेला नाही.

शनिवारी दोन चाचण्या झाल्या. पहिलीत बद्रीनाथ एकटे होते. गाडी घाट अशी चढली, की नळीच्या आवाजानं वानरं कठड्यावरून उठली. दुसरीत बायको आणि आई पाटांवर बसल्या. दुसऱ्या वळणावर क्लचचा जळका वास आला आणि गाडी थांबली. मनकर्णाबाई पुन्हा चालत खाली आल्या.

घरी आल्यावर बद्रीनाथांनी अहवाल लिहिला. चाचणी एक यशस्वी, चाचणी दोन अयशस्वी. दोन्ही वेळा गाडी तीच, घाट तोच, चालक तोच. फरक फक्त प्रवाशांचा. सबब, दोष गाडीत नसून प्रवाशांत आहे.

“म्हंजी?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“उद्या तुम्ही दोघी काळीपिवळी जीपनं या. मी गाडी घेऊन पुढं होतो.”

“पुढं होऊन काय करता?”

“पोचतो.”

“आन् जीपचं भाडं?”

“मंजूर तीन हजारांतून बाराशे मिस्त्रीला, साडेतेराशे नळीला, चारशे वजनकाट्याला. पन्नास शिल्लक आहेत, ते आकस्मिक खर्चासाठी राखीव.”

द्वारकाबाईंनी ओटीचं खण-नारळ आपल्या पिशवीत घातलं. नारळसुद्धा गाडीत ठेवू दिला नव्हता.

रविवारी बद्रीनाथ दहा वाजता निघाले आणि पावणेअकराला मांडवासमोर उतरले. घाटात त्यांनी फकिररावांना मागं टाकलं होतं आणि हॉर्नही वाजवला होता. फकिररावांच्या गाडीत पाच माणसं होती, हे त्यांनी लक्षात घेतलं नाही.

तिकडं जीपच्या थांब्यावर दोन माणसं कमी होती. जीपवाला म्हणाला, “सीट भरल्याबिगर हालत नाय, मावशी.” अकरा पाचला मांडवात द्वारकाबाईंचा फोन आला. “अहो, भाऊला म्हणा जरा थांबा. निघालोच.”

बद्रीनाथांनी निरोप दिला. पण गुरुजींना पुढं दुसरा साखरपुडा होता. अकरा दहाला फकिररावांच्या बायकोनं, म्हणजे द्वारकाबाईंच्या धाकट्या बहिणीनं, आशाबाईंनी ओटी भरली. पाऊण तासानं ती वीस वर्षांची जीप सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि टपावर सायकल घेऊन घाट चढून आली. द्वारकाबाई उतरल्या तेव्हा पंगत बसत होती.

“गाडी येळंवर आली म्हणं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मग तिलाच भरायला लावायची की ओटी.”

बद्रीनाथांना उत्तर द्यायला वेळ नव्हता. मुलाकडच्या पाहुण्यांत त्यांच्या कचेरीचे मोठे साहेब निघाले होते, आणि साहेबांनी घाटात ती नळी ऐकली होती.

“जगदाळे, एवढ्या जुन्या गाडीत ही ताकद? खर्च किती?”

“तीन हजारांच्या आत, सर.”

“केलंत काय?”

“अनावश्यक भार कमी केला, सर.”

साहेबांनी जिलबी ताटात ठेवली. वरून आलेलं कार्यक्षमतावाढीचं पत्र चार महिने त्यांच्या टेबलावर पडून होतं आणि त्यासाठी निधी नव्हता.

सोमवारी कचेरीतली बाकं उचलली गेली. मंगळवारी पाण्याची टाकी हटवली, कारण पाण्यामुळं लोक थांबतात. पुढच्या आठवड्यात तळमजल्याची खिडकी बंद झाली आणि अर्ज तिसऱ्या मजल्यावर, साडेदहा ते अकरा, तीन प्रतींत घेण्यात येऊ लागले. लिफ्टचा भार, ती बंदच असल्यानं, पूर्वीच कमी झालेला होता. रोज तीनशे चाळीस अर्ज येत, ते बावीसवर आले आणि बावीसच्या बावीस त्याच दिवशी निकाली निघाले. शंभर टक्के! बद्रीनाथांना शाल-श्रीफळ मिळालं, शिवाय मोहिमेवर दोन शब्द बोलायला सांगितलं. ते दोनच बोलले. बाकीच्यांचा भार पडला असता.

आता कोणी काय भरलं ते पाहू. जीपचं भाडं दोन माणसांचं ऐंशी रुपये, ते द्वारकाबाईंनी भाजीच्या पैशातून दिलं. गुडघ्यांच्या मलमाचे एकशे दहा मनकर्णाबाईंनी पदराच्या गाठीतून काढले. मान आशाबाईंना गेला, शाल बद्रीनाथांना, शाबासकी साहेबांना. राहिले रोजचे तीनशे अठरा अर्जदार. त्यांचं भाडं, बुडालेला रोजगार आणि अडलेलं काम कुठल्याच खात्यात पडलं नाही. त्यांतलेच एक तुम्ही. त्या दिवशी जिन्यावरूनच मागं फिरलात आणि घरी येऊन सांगितलंत, “कचेरी लई सुधारली बरं का, आता रांगच नसते.”