चार नावांची विहीर

सहकारी दूध संस्थेच्या विहिरीनं तळ दाखवला, तेव्हा सचिव मन्मथप्पांनी इंग्रजीत अर्ज लिहायला घेतला. दुष्काळात फुकट टँकर देणाऱ्या मुंबईच्या कंपनीला मराठी अर्ज चालत नव्हते. युसूफ वडगाव या मोठ्या गावाजवळच्या त्या खेड्यात पाण्याची जागा ही एवढीच. आठवड्यात पाणी आलं नाही, तर उरलेल्या म्हशी बाजारात जाणार होत्या.

मन्मथप्पा शाळेतला एक नियम अजून पाळत: चांगल्या पत्रात एक शब्द दोनदा येऊ नये. म्हणून विहीर पहिल्या ओळीत ‘वेल’ झाली, दुसरीत ‘टँक’, तिसरीत ‘पाँड’ आणि शेवटी, जरा वजन यावं म्हणून, ‘रिझर्व्हॉयर’.

“एवढे शब्द कावून, आप्पा?” चेअरमन भगवानरावांनी विचारलं.

“अर्थ एकच हाय हो. वाचणाऱ्याला कंटाळा येऊ नये.”

वाचणाऱ्याला कंटाळा आला नाही. त्यानं मोजलं. उत्तर आलं: आपल्या गावात विहीर, टाकी, तळं आणि जलाशय असल्यामुळे आपला नंबर शेवटी लागेल.

मन्मथप्पा ते उत्तर घेऊन भगवानरावांकडे गेले. एकच विहीर आहे म्हणावं, तर पहिला अर्ज खोटा ठरणार.

“खोटं कशाला पाडता? चारी आटले म्हणून लिवा,” भगवानराव म्हणाले.

तसं लिहिलं. ‘आटलं’साठीही मन्मथप्पांनी चार वेगवेगळे शब्द शोधले.

पाचव्या दिवशी धुरळा उडवत चार टँकर आले. भगवानरावांनी स्वतःचं उपरणं आप्पांच्या खांद्यावर टाकलं. पहिला टँकर विहिरीत रिकामा झाला. दुसऱ्या ड्रायव्हरनं मोबाइल काढला.

“माझी टाकी कुठंय?”

“हीच की. वता.”

“इथला फोटो झाला. कंपनीला दर जागेचा येगळा लागतो; माझा टाकीचा. मागचा तळंवाला, त्याच्या मागचा जलाशयवाला.”

“अहो, समदं एकच हाय!”

“मंग चार कावून लिवलं?”

“हंड्यात तरी वता!” बाया ओरडल्या.

“हंड्याचा फोटो चालत न्हाई, मावशी. जागा दावा, न्हाईतर पाणी परत न्यावं लागतंय. माझी नोकरी जाईल.”

तीन टँकर भरलेलेच परत निघाले. गळक्या तोट्यांखाली हंडे धरून बाया शिवेपर्यंत पळाल्या.

मन्मथप्पा विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. खाली घोटाभर गढूळ पाणी होतं. संस्थेला वीस वर्षं दूध घालणाऱ्या भिवराबाई अर्धा हंडा घेऊन शेजारी टेकल्या. त्यांची म्हैस रविवारी बाजारात जायची होती.

“आप्पा, खड्ड्याला इंग्रजीत काय म्हणतेत?”

“कावून?”

“त्येवढं लिवलं असतं, तर दावायला गावात लई निघाले असते.”

मन्मथप्पांना चार शब्द आठवले. त्यांनी एकही सांगितला नाही.