शेवटची हजेरी

"केळशीकर शिरीष वसंत!"

वैकुंठ स्मशानभूमीत वसंतरावांनी दुसऱ्यांदा नाव पुकारलं. समोर तिरडीवर त्यांचा मुलगा. ओ द्यायला कोणी नाही. विद्युतदाहिनीचा माणूस म्हणाला, "आजोबा, मागे अजून दोन आहेत."

"थांबा. हजेरी चालू आहे."

त्यांना वेड लागलं नव्हतं. म्हणजे नवं लागलं नव्हतं. कसबा पेठेतल्या आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचे ते कायमचे चिटणीस. शाळेतला कोणी गेला की काळी टोपी घालून स्मशानात जायचे आणि त्याच्या वर्गाची हजेरी तोंडपाठ घ्यायचे. गेलेल्याचं नाव आलं की वर्गातल्या कोणीतरी त्याच्या वतीने 'हजर' म्हणायचं. "गैरहजर म्हणून कोणाला पाठवायचं नाही," म्हणायचे. मोठमोठे वकील, डॉक्टर मान खाली घालून ओ देत.

मी त्यांची शेजारीण. चौथी पास, तीही म्युनिसिपालिटीच्या शाळेतून. भेटेल त्याला त्यांचा एकच प्रश्न, "तुकडी कोणती?" दाताच्या डॉक्टरलाही, तोंड उघडं असताना. पेपरात कोणाचा सत्कार छापून आला की जिन्यातून ओरडत, "आपला! तुकडी अ!" एकदा एकाला अफरातफरीत पकडलं. "आपलाच," म्हणाले, "पण तुकडी ड."

मग कॉम्प्युटरचे दिवस आले. पोरं भराभर अमेरिकेला निघाली. वसंतरावांनी शाळेत एक फळा लावला, 'परदेशातले आपले', आणि त्यावर फोटो. शिरीषचा अख्खा वर्ग फळ्यावर गेला. शिरीषही गेला. त्याची आई तो लहान असतानाच वारलेली, शाळेतून आला की जेवायला माझ्याकडेच असायचा. पुढे वसंतराव पडले, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तो तिकडची नोकरी सोडून परत आला आणि हिंजवडीत कामाला लागला.

वसंतराव जरा चालायला लागल्यावर काठी टेकत शाळेत गेले आणि फळ्यावरून त्याचा फोटो उतरवून आले.

"अहो, तुमच्यासाठी आलाय तो," मी म्हटलं.

"नियम तो नियम. परदेशात नाही, तर फळ्यावर नाही."

मेळाव्यात ओळख करून देत, "हे आमचे चिरंजीव. परत आलेत." शिरीष नुसता हसायचा.

काल कामावर जाताना कंपनीच्या बसमध्ये तो बसल्या जागी गेला. वर्गातल्या सगळ्यांचे ईमेल आले. माणूस एकही आला नाही. वसंतरावांनी स्मशानात एकेकाचं नाव घेतलं. सगळी नावं फळ्यावरची. शेवटी मुलाचं आलं.

तिसऱ्यांदा त्यांचे नुसतेच ओठ हलले.

मी म्हटलं, "हजर."

त्यांनी वळून पाहिलं. सवयीने विचारलं, "तुकडी?"

"आमच्या शाळेत तुकड्या नव्हत्या. पोराला जाऊ द्या आता."

त्यांनी टोपी काढली. आतल्या अस्तरातून एक फोटो काढला. फळ्यावरचाच, कोपऱ्यांना टाचणीची भोकं पडलेला. घामाने पार पिवळा झाला होता. तिरडीवर ठेवायला वाकले, थांबले, आणि पुन्हा टोपीत ठेवून टोपी डोक्यावर घातली.

शिरीष बेचाळीस वर्षांचा होता. वसंतराव ऐंशीचे. ते आहेत.