वन्संचा डावखुरा सरदार

टोकावड्यात एखाद्या पोरानं डाव्या हातानं घास उचलला आणि आईनं त्या हातावर फटका दिला, की आमच्या ओटीवरून हाळी जाते, "सरदारानं अजगर कुठल्या हातानं मारला गो?"

हाळी माझ्या मोठ्या नणंदेची. वन्सं पक्क्या डावखुऱ्या. म्हशाच्या जत्रेत लोहारापुढं ठाण मांडून उलट्या धारेचा विळा घडवून घेतात. तो दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही, म्हणून चोरीलाही जात नाही. तरुणपणी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं त्यांनी डाव्या हातानं चहा धरला. पाहुणे चहा न पिताच उठले. पुन्हा कुणी आलं नाही.

सरदार भेटला तोही जत्रेतच, तंबूतल्या सिनेमात. सिनेमा इंग्रजी. लोखंडी कपड्यांतला सरदार, आग ओकणारा अजगर, मनोऱ्यात कोंडलेली राणी. मी नवी नवरी, चौथी पास, म्हणजे गावची पंडितच! पडद्यावर अक्षरं आली की बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायची. राणीचं माहेर मुरबाडचं, असंही मी वाचलं होतं. अजगर आला आणि पंडितीणबाई वन्संच्या पदराखाली शिरल्या. वन्सं मात्र ताठ. सरदाराची तलवार डाव्या हातात होती ना!

"वैनी, बघ गो, माज्यासारका हाय!"

परवा नात अर्पिता सांगत आली, तोच सिनेमा धुऊनपुसून कल्याणला मोठ्या पडद्यावर लागलाय. वन्संनी ठेवणीतलं लुगडं काढलं. एसटीत कंडक्टरनं डाव्या हातानं तिकीट दिलं, तर त्यालाच म्हणाल्या, "चला तुमी पन. आपला मानूस हाय."

थिएटरात अंधार झाला. सरदार आला, घोड्यावरून उतरला, तलवार उपसली.

उजव्या हातानं.

वन्संनी माझं मनगट आवळलं. "ह्यो तो नाय."

पण तोंड तेच, घोडा तोच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तंबूत पडदा मधोमध टांगलेला असायचा. पुरुष समोर, बायका मागच्या अंगाला. आम्ही अख्खा सिनेमा पाठीमागून, उलटा बघितला होता! अक्षरंसुद्धा उलटी होती. मला सुलटीही येत नव्हती, म्हणून पत्ता लागला नाही.

बाहेर आल्यावर हे सांगायला मी तोंड उघडलं. इतकी हसण्यासारखी गोष्ट! पण वन्सं स्टँडच्या बाकावर डावा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नंतर हळूच म्हणाल्या,

"त्याचा पन हात बांदला आसंल, वैनी."

"त्याचा पण?"

"आई माजा ह्यो हात खांबाला बांदून जेवाया वाडायची. रोज. मी दातानं गाठ सोडायची."

एका चुलीवर आमचा जन्म गेला, पण हे मला ठाऊक नव्हतं. पडद्याची गोष्ट मी गिळून टाकली.

"तुम्ही सोडवलात की हात," मी म्हणाले.

"मी हट्टी व्हती गो." वन्सं रस्त्याकडं बघत राहिल्या. "त्यो बिचारा दमला आसंल."