बिल्ल्याची पाठ

इब्राहिमचाचांच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ते ती आधी उलटी करत. चहाची बशी, लग्नाची पत्रिका, नवं घड्याळ, काहीही. माझ्या मेव्हण्याने नोकरी लागल्याचे पेढे वाटले, तेव्हा चाचांनी पेढासुद्धा उलटा करून पाहिला आणि मगच तोंडात टाकला. "पुढून काय, सगळेच चांगले दिसतात," ते म्हणत. "पाठ दाखव."

ही सवय त्यांना बिल्ल्यांनी लावली. फौजी टोपीवर पुढे लावतात ना, ते पितळी बिल्ले. चाचांनी उभी हयात मालवाहू जहाजांवर काढली आणि जहाज ज्या बंदराला लागेल तिथल्या भंगारवाल्यांकडून जुन्या पलटणींचे बिल्ले गोळा केले. बाकीचे खलाशी घरी येताना अत्तर आणि टेपरेकॉर्डर आणत; चाचा कुणा परक्या शिपायाच्या कपाळावरचं पितळ घेऊन येत. स्वतः मात्र ते फौजेच्या वाटेला कधी गेले नाहीत. दिवाळीत गल्लीत लवंगी वाजली तरी खुर्ची घेऊन आत सरकत.

आत म्हणजे माझ्या दुकानात. माझं रत्नागिरीत फोटोंचं आणि चौकटींचं दुकान. चाचा निवृत्त होऊन इथे जवळच राजिवड्याला आले तेव्हापासून दुपारची नमाज झाली की इथे येऊन बसत आणि कुणी न विचारता शिकवणी सुरू करत.

"खरा बिल्ला ठोकलेला असतो. पुढे सिंह जेवढा फुगला, मागे तेवढाच खड्डा पाहिजे. नकली असतो ओतलेला. पाठ सपाट, अंगावर बारीक पुटकुळ्या, देवी येऊन गेल्यासारख्या. आणि झीज बघ. शिपाई रोज घासतो, तर सिंहाचं नाक आधी झिजतं. नकलीवाला बिल्ला तेजाबात बुडवतो, मग नाक, शेपूट सगळं सारखंच म्हातारं. माणूस कधी असा सगळीकडून सारखा म्हातारा होतो काय रे?"

नकली बिल्ल्याला त्यांचा निकाल एकाच शब्दाचा. "ओतीव." हा शब्द ते कुठेही उच्चारत. त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याला पूर्णगडला गेलो होतो. व्याह्यांनी दिवाणखान्यातला आपल्या आजोबांचा बिल्ला मोठ्या अभिमानाने दाखवला. चाचांनी चौकट भिंतीवरून उतरवली, मागचा पुठ्ठा सोडवला आणि बिर्याणी यायच्या आतच जाहीर केलं, "ओतीव."

"चाचा, जरा वेळाने सांगायचं," मी येताना एसटीत म्हणालो.

"वेळाने काय तो ठोकीव होणार होता?"

साखरपुडा कसाबसा टिकला. लग्नात मात्र चाचांच्या ताटात नुसता भात आला. मटणाची बोटी शोधूनही सापडली नाही.

दोन हजार सालच्या आसपास एका दुपारी पालीकडची एक बाई दुकानात आली. बरोबर तिचा पंचविशीचा मुलगा, मुंबईला नोकरी करणारा. त्याने गणवेशातल्या एका तरुणाचा जुना फोटो काढला, मग रुमालात बांधलेला बिल्ला.

"माझे बाबा," तो म्हणाला. "फोटो आणि बिल्ला एकाच चौकटीत बसवायचाय. बाबांच्या पलटणीचा असली बिल्ला आहे. मुंबईत जुन्या बाजारात सापडला."

मी हात पुढे करीपर्यंत बिल्ला चाचांच्या हातात गेला होता आणि उलटाही झाला होता. पाठ सपाट, पुटकुळ्यांनी भरलेली. एव्हाना एवढं मलाही कळत होतं.

"तुम्ही बघा निवांत, मी चहा सांगून येतो," म्हणून मुलगा बाहेर पडला. तो उंबऱ्याबाहेर जाताच बाई पुढे झाली.

"चाचा, तुमच्या तोंडावरनंच कळलं मला. ह्यांच्या बिल्ल्यासारखा नाय तो. ह्यांच्या बिल्ल्याचा मागचा अडकवायचा कान तुटलेला व्हता, मी दोऱ्यानं बांधून दिलेला. तिकडं पलटणीतच ते वारले नि घरी नुसती ट्रंक आली." तिने दाराकडे पाहिलं. "पोरानं बाप पायला नाय. सुट्टीच्या दिवशी बाजारभर फिरून आणलान त्यानं ह्यो. बोलू नका काय."

तेवढ्यात मुलगा परत आला.

"काय चाचा, असलीच ना?"

"ओ..." चाचांच्या तोंडून निघालं. मी डोळे मिटून घेतले.

"ओहो," चाचा म्हणाले. "इतकी वर्षं बिल्ले बघतोय, पण असा कधी हातात आला नव्हता."

ते शंभर टक्के खरं होतं. ओतीव मालातही इतका गचाळ बिल्ला त्यांनी पाहिला नसेल. मुलगा खूश झाला. बाईने पदराने तोंड पुसलं. चाचांनी स्वतः तो मखमलीवर बसवला आणि मला बजावलं, "मागून पक्का चिकटव."

मायलेक गेल्यावर चाचा चहा न पिता बसून राहिले.

त्यांचा एकुलता मुलगा इम्तियाज आखातात, दोहाला असतो. आदल्या वर्षी त्याने बापाला एक बिल्ला पाठवला होता, उंटाचा. पार्सल माझ्याच दुकानात उघडलं आणि चाचांनी शेजारच्या एसटीडी बूथवरून ताबडतोब फोन लावून मुलाला निकाल कळवला. त्यानंतर इम्तियाजचे फोन ईदपुरते उरले. "कामात असेल," चाचा म्हणत, आणि मीही मान डोलवत असे.

चाचा उठले ते थेट बूथवर गेले. काचेचं दार त्यांनी लावलं नाही, त्यामुळे दुकानात सगळं ऐकू येत होतं.

"इम्तियाज? मी. नाही, तब्येत बरी आहे. तो उंटाचा बिल्ला रे, तू पाठवलेला... नाही, नाही, त्यासाठी नाही केला फोन."

मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी विचारणार होतो, कुठल्या दुकानात मिळाला तुला तो? ... लांब आहे काय ते?"

पलीकडे इम्तियाज बराच वेळ बोलत असावा. चाचांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"चालत गेलास?" ते म्हणाले. "एवढ्या उन्हात?"