मोकलबाईंची बुरशी

आमच्या रोडपालीच्या सोसायटीत गेटातून आत आल्यावर उजवीकडे वळलात, तर शिंकायचं नाही. शिंक आलीच तर नाक दाबून डावीकडे पळायचं, जिन्याखाली उरकायचं आणि मग परत यायचं. सोसायटीचे छापील नियम कुणी पाळत नाही. हा छापलेला नाही, आणि सगळे पाळतात. कारण उजवीकडे ख्रिसमस ट्रीखाली प्लॅस्टिकच्या स्टुलावर मोकलबाई बसलेल्या असतात. एकदा एक कुरिअरवाला तिथं शिंकला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याची सर्दी जागच्या जागी बरी झाली, आणि मी ऐकलंय ते खरं असेल तर त्याच्या घराण्यात तेव्हापासून कुणाला पडसं झालेलं नाही.

मोकलबाई पनवेलच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी. त्यांच्या विषयात मी असा सपशेल नापास झालो की माझा पेपर तपासताना त्यांना ताप भरला होता, असं त्या अजून चारचौघांत सांगतात. पुढे मी कळंबोलीत ट्रकच्या टायरांचं दुकान टाकलं, आणि बाई निवृत्त होऊन नेमक्या माझ्याच मजल्यावर राहायला आल्या. त्यामुळे माझी तोंडी परीक्षा लिफ्टमध्ये अजून चालू आहे.

बाई उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या. बोलणं एरवी पुस्तकातल्यासारखं शुद्ध, पण पारा चढला की गावची भाषा उसळून वर येते. "डोळे हायत का बटनं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. तो त्यांनी मला विचारलाय, प्राचार्यांना विचारलाय, आणि एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरला, तपासणीच्या खुर्चीत बसून, विचारलाय. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारायची हिंमत असलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

आता त्या झाडाविषयी. बिल्डरनं जाहिरातीच्या चित्रात ख्रिसमस ट्री दाखवलं होतं, म्हणून नाइलाजानं एक लावलं. चित्रातल्या स्विमिंग पूलबद्दल मात्र तो पुढे काही बोलला नाही. झाड तिसऱ्या मजल्याला पोचल्यावर आमचे सेक्रेटरी पाटीलशेठ यांनी खोडावर चार मोठे खिळे ठोकून 'ही जागा सेक्रेटरींची' अशी पाटी लावली आणि खाली आपली नवी पांढरी गाडी उभी केली. झाडानं जखमेतून चीक गाळायला सुरुवात केली. बाई त्याला राळ म्हणतात. ती राळ गाडीवर पडली की अशी चिकटायची की एकदा पाटीलशेठनी ती हातानं पुसायला घेतली आणि दुपारचं जेवण त्यांना बॉनेटवरच नेऊन द्यावं लागलं.

एका सकाळी बाई भिंग घेऊन त्या खिळ्यांपाशी गेल्या आणि दुपारपर्यंत हलल्या नाहीत. एका कावळ्यानं त्यांच्या अंबाड्यात दोन काड्या आणून ठेवल्याचं मी स्वतः पाहिलं. शेवटी मी विचारलं, "बाई, काय झालं?"

"ये. बघ."

मी भिंगातून पाहिलं. वाळून काचेसारख्या झालेल्या राळेवर काळे ठिपके होते.

"घाण आहे, बाई."

"डोळे हायत का बटनं? परत बघ."

परत पाहिलं, तेव्हा त्या ठिपक्यांना देठ दिसले. केसाहून बारीक देठ, वर काळं डोकं. जणू मुंग्यांच्या शिंप्यानं टाचण्या टोचून ठेवल्या होत्या.

"बुरशी," बाई हळूच म्हणाल्या. "राळ झाड कशासाठी गाळतं? जखमेत कुणी शिरू नये म्हणून. चिकट, विषारी, भल्याभल्यांचा जीव घेणारी. आणि ही बया तिच्यावरच घर बांधून बसलीय."

बाईंनी दोन टाचण्या पुण्याच्या प्रयोगशाळेत नेल्या. तिथून त्या टाचण्या परदेशातल्या तज्ज्ञांकडे गेल्या. पाटीलशेठ आयुष्यात दुबईपलीकडे गेले नव्हते, त्यांच्या खिळ्यावरची बुरशी युरोप फिरून आली. अखेर निरोप आला की ही जात आजवर जगात कुणी नोंदवलेली नाही. नाव बाईंनी ठेवायचं.

नेमकं त्याच आठवड्यात पाटीलशेठनी सोसायटीच्या सभेपुढे विषय ठेवला: झाड तोडायची परवानगी मागणे.

बाई त्यांच्या दारात गेल्या. मी मागे होतो, साक्षीदार म्हणून. बाई म्हणाल्या, "शेठ, ही बुरशी जगात अजून दुसरीकडे सापडलेली नाही. तिचं हे एकच घर हाय."

"बाई, माझी पण गाडी एकच हाय," पाटीलशेठ म्हणाले. ते पेणकडचे, त्यांनाही पारा चढला की गाव आठवतं.

मग आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडणाऱ्या मोकलबाईंनी पहिल्यांदा लबाडी केली. म्हणाल्या, "नाव मीच ठेवणार आहे. तुमचं ठेवलं, तर 'पाटिलिआय' होईल. लॅटिनमध्ये. एकदा ठेवलं की कुणाच्या बापाला बदलता येत नाही."

पाटीलशेठनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला आणि चहा मागवला.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण पाटीलशेठ एकटे म्हणजे सभा नव्हे. बाई मजल्यामजल्यावर नाव वाटत सुटल्या. खजिनदारांना दिलं. वरच्या मजल्यावरच्या शेखसाहेबांना दिलं, ते म्हणाले, "बाई, बडी मेहेरबानी, पण 'ख'खाली नुक्त्याचं टिंब लागेल का?" रविवारी गेटापाशी मासळी घेऊन बसणारी चंद्राबाय सोसायटीची सभासददेखील नव्हती, तरी तिलाही दिलं, कारण पाटीलशेठ कुणाचं ऐकत असतील तर पापलेटवालीचं, हे बाईंना ठाऊक होतं. महिनाभर आमच्या बिल्डिंगीत जो तो लॅटिन नावाचा मालक होऊन फिरत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे गुपित आपल्या एकट्याचं आहे. मला मात्र कुणी दिलं नाही. विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तुझं नाव दिलं तर बुरशी नापास होईल."

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. पाटीलशेठ सफारीत आले. खजिनदारांनी केस काळे केले होते. विषय निघाला तसे पाटीलशेठ उठले आणि म्हणाले, "विषय मी मागे घेतो. ज्या बुरशीला पाटील घराण्याचं नाव लागणार, तिचं झाड..."

"पाटील?" खजिनदार म्हणाले.

"हमारा था ना?" शेखसाहेब म्हणाले.

पुढची पाच मिनिटं मी वर्णन करत नाही. मुंबई-पुणे रस्त्यावरचे ट्रक काय झालं ते बघायला थांबले होते, एवढंच सांगतो. पाटीलशेठ लाल झाले आणि म्हणाले, "मागे घेतलेला विषय मी परत पुढे घेतो. तोडा झाड."

मोकलबाई उभ्या राहिल्या. मी त्यांना वर्गात, प्रयोगशाळेत, फळ्यापुढे पाहिलंय, पण असा पडलेला चेहरा कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, "खोटं बोलले. तुमच्यापैकी कुणाचंच नाव दिलं नाही. पनवेलचं दिलं. पनवेलेन्सिस. छापून आलंय."

मग गेटापासून चंद्राबायचा आवाज आला. ती सुरी खाली ठेवून सगळं ऐकत बसली होती. "बरा केला गो बाय. माजे नावाची बुरशी हाय असा कललं, तर माजी मासली घेल का कोन?"

पहिल्यांदा शेखसाहेब हसले. मग खजिनदार. पाटीलशेठ हसले नाहीत, पण विचारात पडले. त्यांचा घरं बांधून विकायचा धंदा. पाटलांच्या बांधकामाला बुरशी हे गिऱ्हाइकाच्या कानावर लॅटिनमध्ये गेलं तरी परवडणारं नव्हतं. "पनवेलचं ठीक आहे," ते सावकाश म्हणाले. "पण माझी गाडी?"

मी माझी जागा त्यांना दिली आणि त्यांची मी घेतली. माझी तर स्कूटरच आहे. हल्ली ती झाडाखाली असते, आणि सीटवर बसलो की मला उठवायला दोन माणसं लागतात. झाड राहिलं. पाटी निघाली, खिळे मात्र बाईंनी काढू दिले नाहीत.

त्या संध्याकाळी मी खाली गेलो, तर बाई भिंग मांडीवर ठेवून नुसत्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, एवढ्या सगळ्यांना नाव वाटत फिरलात. त्यापेक्षा सरळ स्वतःचं ठेवायचं."

"स्वतःचं स्वतः ठेवत नाहीत. रीत नाही तशी," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यानं ठेवायचं असतं. विद्यार्थी ठेवतात. माझ्या सरांच्या नावाचं एक शेवाळ आहे, ते मी ठेवलं." मग म्हणाल्या, "माझे सगळे विद्यार्थी कॉम्प्युटरमध्ये गेले. एक टायरमध्ये."

तोंडात आलं ते मी बोलून गेलो. "मग टायरवाला शोधेल एखादी."

"तू? तुला बुरशी आणि काजळी वेगळी कळत नाही."

बाईंनी पदरानं भिंग पुसलं, उजेडाकडे धरून पाहिलं, परत पुसलं. मग झाडाकडे बघत, जणू झाडाशीच बोलत असाव्यात तसं म्हणाल्या, "कामोठ्याला बागेच्या मागच्या फाटकाशी असंच एक झाड हाय. उत्तरेच्या अंगाला, मुळाजवळ, राळेचा एक ओघळ हाय. काळ्या टाचण्या बघत बसू नको. तपकिरी बघ. आखूड देठाच्या."

"तुम्ही पाहिल्यात, बाई?"

"मी कशाला पाहू," बाई म्हणाल्या, आणि भिंग माझ्या हातात दिलं.