उखर्डू कारकून आणि एकवीस तडाखे

उखर्डू कारकून कुठंही उभा राहिला की गुडघ्यात वाकायचा. टाचा वर, हात पोटापुढं, डोळे समोरच्याच्या उजव्या खांद्यावर. कचेरीत साहेबापुढं तसाच, किराणा दुकानात तसाच, मयतीलाही तसाच. तिरडीला खांदा बदलायची वेळ आली की लोक म्हणायचे, "उखर्डूले बोलवा, तो आधीच वाकेल शे."

हे सगळं बॅडमिंटनमुळं. नंदुरबारला साहेबलोकांचा क्लब होता. क्लब म्हणजे एक पत्र्याची खोली आणि शेणानं सारवलेलं अंगण. मी तिथला शिपाई. चुन्याच्या रेघा आखायच्या, जाळी बांधायची, पिसांची फुलं सांभाळायची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पिसांच्या काड्या वाळून कडक होतात. सकाळी ती फुलं वाफेवर धरावी लागतात, नाहीतर दोन फटक्यांत काडी मोडते. माझी बायको गंगू अंगण सारवायची. ती गेली त्याला तीन महिने झाले.

तेव्हाच्या मोठ्या साहेबाला खेळ येत नव्हता, मार येत होता. उडी घेऊन फूल असं हाणायचा की समोरच्याच्या छातीवर वळ उठावा. वकील, डॉक्टर सगळ्यांचे त्याच्या पाळीला पाय दुखायचे. मग उखर्डूला उभं करत. उखर्डू एकदाही मारायचा नाही. फूल जाळीवर आयतं तरंगत आलं तरी हळूच पलीकडं लोटायचा.

"अरे मार ना, गाढवा!" वकील ओरडायचे.

"मारनारा बहू शेतस," तो म्हणायचा. "झेलनारा कोनी नही."

साहेबानं बॅट उचलली की ह्याचं ठरलेलं, "मारा साहेब, मी आठेच शे." आठेच म्हणजे इथंच.

उखर्डू हे नाव त्याला उगाच ठेवलं नव्हतं. आधीची तीन भावंडं गेली होती. हा झाला तेव्हा आजीनं त्याला उकिरड्यावर ठेवला, शेजारणीनं उचलला, आणि सूपभर कोंडा देऊन आईनं तो तिच्याकडून परत घेतला. टाकलेलं पोर मरण उचलत नाही, असा आमच्याकडं समज. त्याच्याही घरात तेच झालं. चार पोरं गेली, पाचवी जगली. तिचं नाव चिंधी. चार वर्षांची, काडीसारखी. पावसाळा लागला की तिची छाती वाजायची.

त्या वैशाखात उखर्डूची बदली वर सातपुड्यात, धडगावला झाली. पावसाळ्यात वर गेलेला कारकून पिवळा होऊन खाली उतरायचा, तोही उतरला तर. मोठ्या माणसाचं हे, मग पोरीचं काय? उखर्डू साहेबापुढं गेला, वाकून उभा राहिला. साहेब खेळून घाम पुसत होता. हसला.

"माझे एकवीस तडाखे सलग परत दे. फूल खाली पडलं नाही तर बदलीचा कागद फाडतो. रविवारी ये."

"पडाव नही, साहेब."

साहेब तसाच माझ्याकडं वळला. "आणि तू, फुलं मोडतात फार. आणखी एक मोडलं तर चालता हो."

आठ दिवस उखर्डू आमच्या अंगणात झेलत होता. गंगू ओट्यावर चढायची, ओच्यात हिरव्या लिंबोळ्या, आणि फाडफाड मारायची. ती जन्मात खेळली नव्हती, पण नेम असा की कावळा पाडेल.

"भाऊ, तुमना उजव्या कमरजोडे दार उघडं शे!" ती म्हणाली आणि तिथंच तीन लिंबोळ्या हाणल्या.

खरंच होतं. उजव्या कमरेवर आलं की त्याचं कोपर पोटात अडकायचं आणि बॅट फिरायचीच नाही. मग त्यानं युक्ती काढली. बॅट आधीच पोटापुढं उलट्या हातानं धरायची, कोपर बाहेर काढायचं, कमरेवरचंही उलट्या हातानंच घ्यायचं. बॅट मागं न्यायचीच नाही, तेवढा वेळ नसतो. मूठ ढिली, जसं कोंबडीचं पिल्लू धरावं. तडाख्यातलं बळ मारणाऱ्याचंच, आपण नुसती बॅट आडवी द्यायची.

"हात ढिला, डोया उघडा," तो पुटपुटायचा. "फूलकडे नही देखानं, खांदाकडे देखानं. खांदा आधी सांगस."

चिंधी पायरीवर बसून बापाला लागलेल्या लिंबोळ्या मोजायची. तिला वीसपर्यंत येत होतं. पहिल्या दिवशी वीस पुरले नाहीत. आठव्या दिवशी एकच मोजली, आणि ती गालाला लागली होती, कारण गंगू हसत होती आणि तो तिच्याकडं बघत होता.

रविवारी सकाळी मला फुलं वाफवायची होती. मी शनिवारी मोहाची प्यालो होतो. सकाळी परत प्यालो. दुपारपर्यंत खाटेवर पडून होतो. उठलो तर उन्हं कलली होती. डबा उचलला आणि तसाच पळालो.

गाव जमलं होतं. मी फूल दिलं. साहेबानं पहिला तडाखा मारला. उखर्डूनं तो असा परत दिला जसं कुणाला पान द्यावं. लोक मोजू लागले. छातीवर, पायात, डाव्या कानाशी, साहेब मारत गेला, ह्याची बॅट आधीच तिथं. दहाला साहेबाची सावली धापा टाकत होती. चौदाला त्यानं कमरेवर मारला. कोपर बाहेर, टक्, परत. गंगू माझ्याजवळ उभी होती. तिनं माझं मनगट धरलं होतं.

एकोणिसाव्याला मला आवाज आला. काडी मोडल्याचा. फूल हवेत लंगडलं, उलटं झालं आणि उखर्डूच्या बॅटच्या वीतभर पुढं मेल्यासारखं पडलं.

"फूल मोडलं काय रे?" साहेब म्हणाला. "मोडलं असेल तर नवीन घेऊन पुन्हा खेळू. आणि ह्या लोटनला आत्ता हाकलतो."

लोटन म्हणजे मी. उखर्डूनं फूल उचललं. मुठीत घेतलं, मूठ मिटली.

"फूल चांगलं शे, साहेब. मीच चुकनू."

मी जाळीचा खांब धरून उभा होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, साहेब, मोडलं. म्हणालो नाही. लोक पांगले. नंतर मी ती तुटलेली काडी अंगणातून झाडून काढली.

आषाढात ते वर गेले. श्रावणात चिंधी गेली. ताप, तीन दिवस. आठवड्यानं सांगावा आला. गंगूनं चूल पेटवली नाही. मला वाटलं, माझ्यावर राग.

पुढं खाली यायचा हुकूम उखर्डूला दोनदा आला. दोन्हीदा त्यानं विनंती करून फिरवला. पोर तिथं पुरली होती.

गंगूच्या दहाव्याला तो आला. केस पांढरे, रंग पिवळा, उभा मात्र तसाच. लोक गेल्यावर मी त्याला बसवलं आणि सांगितलं. म्हटलं, त्या रविवारी मी पिऊन पडलो होतो, फुलं वाफवली नव्हती. तुझी पोर माझ्यामुळं गेली.

"माले माहीत शे," तो म्हणाला. "वहिनी त्याच दिन दुपारले उनी व्हती."

"कुठं आली होती?"

"मन्हा घर. पदर पसरा तिन्ही. बोलनी, फूल मोडनं तं बोलजो नको भाऊ, यास्नी नोकरी जाई."

त्यानंतर सात वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो आणि मला हे माहीत नव्हतं.

चिंधी गेल्यावर गंगू दर साली प्रकाशा गावच्या जत्रेत त्याला गाठायची. मला वाटायचं, तापीच्या अंघोळीला जाते. ती त्याच्या पायावर डोकं ठेवायची. आणि तो तिला दर साली एकच सांगायचा, की वहिनी, फूल मोडलंच नव्हतं, मी खरंच चुकलो. ती म्हणायची, खोटं. तो पुन्हा सांगायचा. ती पुन्हा म्हणायची, खोटं.

"कधी मानलं का तिनं?"

"औंदा मानं," तो म्हणाला. "औंदा रडनी नही. शेवबुंदी लिसनी गई."

चहा निवत होता. आम्ही दोघंही पीत नव्हतो. मग तो खाली बघत म्हणाला, "लोटन, तू बी आते तसंच सांग, फूल मोडनंच नव्हतं. तिन्ही मानेल शे. ते मोडू नको."

मी हो म्हटलं.

हो म्हटलं आणि आज हे लिहून बसलो.