खीर नव्हे, पेज

मोघेकाका मेथीला कोथिंबीर म्हणतात. आणि तेही चाचरत, हळू आवाजात नव्हे. टोकियोच्या निशी-कसाई नावाच्या वस्तीतल्या भारतीय दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, जुडी उंच धरून ते म्हणतात, "वा! कोथिंबीर काय ताजी आहे!" तूरडाळीला ते मसूर म्हणतात, पडवळाला दोडका. कोणी दुरुस्त करायला धजलेच, तर त्यांचे उत्तर ठरलेले असते, "वस्तू कळल्याशी कारण!"

मी अनेक वर्षे ग्रंथपालाची नोकरी केली. पुस्तक चुकीच्या कप्प्यात दिसले, तरी मला चैन पडत नाही. मात्र चारचौघांत कोणाची चूक दाखवण्याचे धाडस माझ्या अंगी नाही. त्यामुळे नवऱ्याच्या बदलीबरोबर जपानला येऊन मोघ्यांच्याच इमारतीत राहू लागल्यापासून माझी मोठी कुचंबणा झाली. मेथीची कोथिंबीर होत असताना मी बिस्किटांच्या पुड्यांवरील मजकूर फार लक्षपूर्वक वाचत असे.

वास्तविक काका पुण्यातल्या एका छापखान्यात छत्तीस वर्षे मुद्रितशोधक होते. त्यांची नजर अद्याप शाबूत आहे. जपानी लिपीतले एक अक्षर त्यांना येत नाही. परंतु इमारतीच्या दारात कचऱ्याच्या वर्गीकरणाची नवी सूचना लागली, तेव्हा त्यांनी ती जुन्या सूचनेशी ताडून पाहिली आणि एका अक्षरावर बोट ठेवले. "इथे एक रेघ कमी आहे." व्यवस्थापकांनी चष्मा लावून पाहिले, आणि कमरेत वाकून तीन वेळा क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी नवी सूचना लागली.

"वाचता येत नाही गं," काका मला म्हणाले, "पण चुकलेलं दिसतं."

अशा माणसाला मेथी ओळखू येऊ नये? इमारतीतल्या मराठी मंडळींनी डोळ्यांनीच एकमेकांना निदान सांगून टाकले होते : वय झाले, विसरायला लागले. मीही मनातल्या मनात मान डोलावली होती.

हे निदान अधिकच वाईट वाटायचे, कारण त्या घरात एक दुखणे आधीपासून होते. दोन वर्षांपूर्वी सुमतीकाकूंना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, वाचा मात्र परतली नाही. शब्द आत आहेत, बाहेर येण्याची वाट बुजली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. मुलगा इथे संगणकाच्या नोकरीत. त्याने दोघांना आपल्याकडे आणले. येथे बोलणे शिकवणाऱ्या बाई फार चांगल्या मिळाल्या, पण त्या शिकवणार जपानीत, आणि काकूंचे हरवलेले सगळे होते मराठीत, त्यातही बरेचसे गुहागरकडच्या मराठीत. पूर्वी काकू अखंड बोलत. "हिच्यामुळे मला घरात स्वल्पविरामसुद्धा मिळत नसे," असे काका सांगत. आता एकदम पूर्णविराम मिळाला होता, आणि तो त्यांना सोसत नव्हता. काकू पुन्हा एखादे वाक्य बोलतील का, एवढाच प्रश्न त्या घरात उरला होता. एखादा शब्द कधीमधी अर्धामुर्धा निघे, वाक्य नाही. काका दुकानात जातानाही त्यांना बरोबर नेत.

साकुराच्या फुलांचा बहर ओसरल्यावर एका शुक्रवारी काकांनी आमची घंटा वाजवली.

"अनघा, उद्या जुनी घरं बघायला यायचं. तू जपानी वाच, आम्ही वस्तू बघतो."

दोन गाड्या बदलून आम्ही तिघे टोकियोच्या उत्तरेला एका संग्रहालयात गेलो. ठिकठिकाणची जुनी शेतकरी घरे उचलून आणून तेथे पुन्हा उभारली आहेत. जाड गवती छपरे, काळवंडलेली तुळई, मधोमध जमिनीत धुमसणारा विस्तव. आम्हाला माहिती द्यायला हायाशी-सान नावाच्या ऐंशीच्या घरातल्या स्वयंसेविका आल्या. त्या आवाज न चढवता बोलत, आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे पाहून थांबत. मी भाषांतर करी. नंतर काका ते बिघडवत.

भिंतीवर धान्य पाखडायचे सूप टांगले होते. "ही चाळण बघ, सुमती!" काकू नुसत्या बघत राहिल्या.

दगडी जाते होते. "पाटा-वरवंटा!" काकूंनी कपाळाला हात लावला.

पावसात शेतावर जाताना पांघरायचे गवताचे इरले होते, कोकणातल्या इरल्याचे सख्खे भावंड. "बघ, बैलाची झूल!" यावर मात्र काकू हसल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या.

मला काही हसू येईना. हायाशी-सान एवढ्या आदराने सांगत होत्या, आणि हे गृहस्थ त्यांच्या पूर्वजांच्या अंगावर झूल घालत होते. माझ्या आत काहीतरी साठत चालले. आणि त्या विस्तवाशेजारी ठेवलेली बांबूची नळी काकांनी उचलली, तोंडापाशी आडवी धरली आणि म्हणाले, "आणि ही बासरी!"

"फुं..." असे काहीसे मला अर्धवट ऐकू आले.

"काका, फुंकणी! फुंकणी आहे ती!" मी ओरडले. आयुष्यात प्रथमच चारचौघांत कोणाची चूक दाखवली, आणि स्वतःच्या आवाजाने स्वतःच दचकले.

काकांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे पाहत नव्हते, काकूंकडे पाहत होते. काकूंचे ओठ अजून 'फुं'च्या आकारात पुढे आलेले होते. मग ते हळूहळू मिटले. त्या अर्ध्या शब्दाचा उरलेला अर्धा मी त्यांच्या तोंडातून काढून घेतला होता.

काकूंना अंगणातल्या बाकावर हायाशी-सानजवळ बसवून काका माझ्यापाशी आले. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी खिशातून एक लहान वही काढून माझ्या हातात दिली. मुद्रितशोधकाच्या बारीक, सरळ अक्षरात पानभर तीन रकाने आखले होते. पहिल्यात वस्तूचे खरे नाव. दुसऱ्यात चूक. तिसऱ्यात काकूंचे उत्तर.

मेथी. कोथिंबीर. "मे."

पडवळ. दोडका. मान हलवली.

तूरडाळ. मसूर. चिडली, ताट सरकवले.

शेवटच्या पानावर सूप, जाते, इरले, फुंकणी असे सगळे ओळीने लिहिलेले होते, समोर चाळण, पाटा-वरवंटा, झूल, बासरी. तिसरा रकाना कोरा.

"गेल्या बुधवारी एकटा येऊन गेलो," काका म्हणाले. "तयारी लागते. चूक फार मोठी झाली तर ती चिडते, अगदी बारीक असली तर लक्षच देत नाही. नेमकी बसावी लागते."

"पण काका, सरळ विचारायचं ना, हे काय म्हणून?"

"विचारून पाहिलं. विचारलं की तिला परीक्षा वाटते. लाजते, तोंड मिटून घेते. आणि मी चुकलो, की तिला राहवत नाही." त्यांनी अंगणातल्या बाकाकडे पाहिले. "लग्नापासून कधी राहवलं नाही तिला."

मी क्षमा मागितली. त्यांनी वही परत घेतली आणि म्हणाले, "चालतं गं. फुंकणीला तू ओरडलीस काय छान! आता पुढच्या घरात मात्र गप्प बस."

पुढचे घर हे घर नव्हतेच. लांबलचक, ठेंगण्या छपराची ती एक पडवी होती. दुष्काळाच्या वर्षांत आसपासच्या गावांतली माणसे येथे आसऱ्याला येत, असे हायाशी-सान सांगू लागल्या. अंगात त्राण असेल त्याने गवताचे दोर वळायचे, जोडे विणायचे.

"आपल्याकडे खडी फोडायला लावत," काका पुटपुटले. "दोर बरा."

एका बाजूला अर्धवट वळलेला दोर ठेवला होता. दुसऱ्या बाजूला चुलाणावर भलीमोठी लोखंडी कढई, आणि तिच्यापुढे लाकडी वाडग्यांची रांग. रांगेच्या टोकाचा वाडगा मुठीएवढा होता. हायाशी-सान म्हणाल्या की, काम करणाऱ्यालाही आणि न करू शकणाऱ्यालाही या कढईतून दोन वेळा तांदळाची पेज मिळे. फार पातळ असे, पण मिळे. आणि त्या माझ्याकडे पाहून थांबल्या.

मी भाषांतर केले, "या कढईत... सगळ्यांसाठी... ते शिजवत." जाणूनबुजून गाळलेला माझा तो पहिला शब्द. हायाशी-सानना मराठी येत नाही, ही गोष्ट मला त्या क्षणी फार सोयीची वाटली.

काका कढईवर वाकले. मोठ्याने श्वास घेतला, जणू अजून वाफ येत होती. मग वळून, लग्नाच्या पंगतीत बोलावे अशा आवाजात म्हणाले, "अरे वा! खीर!"

काकूंनी कढईकडे पाहिले. मग वाडग्यांकडे. त्या मुठीएवढ्या वाडग्यावर त्यांची नजर थांबली. मी दोन्ही ओठ दातांखाली धरून ठेवले होते.

"खीर..." काकू म्हणाल्या. "नव्हे."

काका हलले नाहीत.

"पेज." आणि मग, प्रत्येक शब्द उचलून जागेवर ठेवावा तसे, "अहो... दुष्काळात... खीर कोण देतं?"

काय झाले ते हायाशी-सानना कळले नाही. त्यांनी मला हळूच विचारले, ओकुसान, म्हणजे बाईसाहेब, काय म्हणाल्या? मी सांगितले. त्यांनी काकूंकडे वळून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मनापासून मान लववली आणि म्हणाल्या, अगदी बरोबर आहे तुमचे. तेही मी भाषांतर केले, आणि या वेळी एकही शब्द गाळला नाही. काका तोवर कढईच्या पलीकडे जाऊन, आमच्याकडे पाठ करून तो अर्धवट दोर फार बारकाईने पाहत होते. बराच वेळ पाहत होते.

परतीच्या गाडीत काकू खिडकीशी बसल्या. काका आणि मी समोर.

"खीर वहीत नव्हती," मी हळूच म्हटले. मी पान नीट वाचले होते, जुनी सवय.

"ती लिहायची गरज नव्हती." काका तितक्याच हळू बोलले. "लग्नानंतर पहिल्यांदा हिच्या माहेरी गेलो. सकाळी पुढ्यात गरम पेज आली. मी पुण्याचा, छापलेला शब्द माहीत, पदार्थ कधी पाहिलेला नाही. म्हटलं, खीर छान आहे, साखर मात्र राहिली. सगळं घर हसलं. ही नवी नवरी, माजघरातून ओरडली, 'अहो, पेज आहे ती!' तोवर माझ्याशी धड बोललीही नव्हती. तेच तिचं पहिलं वाक्य." त्यांनी वहीवरून अंगठा फिरवला. "ही चूक मी राखून ठेवली होती. उगीच वापरून वाया जायला नको होती."

त्यांनी वही उघडली, खाली एक नवी ओळ आखली आणि तिसऱ्या रकान्यात काकूंचे वाक्य लिहिले. त्यातल्या विरामाच्या टिंबांसकट. लिहून झाल्यावर सवयीने दोनदा तपासले.

निशी-कसाई आले. दार उघडताच काकूंनी काकांची बाही घट्ट धरली. फलाटावर पाऊल टाकून त्या थांबल्या, आणि त्यांच्याकडे नीट पाहिले. त्या नजरेत काळजी होती. इमारतीतल्या आम्हा सगळ्यांसारखीच, पण आमच्याहून पुष्कळ अधिक.

"तुम्ही," काकू म्हणाल्या, "हल्ली... फार चुकता."

छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवलेल्या त्या माणसाने मान खाली घातली.

"हो गं," काका म्हणाले. "आता तूच लक्ष ठेव."